फिशटँकची ट्यूब टपली मारल्याशिवाय लागत नाही: दुरुस्ती करू की एलईडी लावू?

तळ्यातमळ्यात | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, वायरिंगवाल्यांचा आणि मासेवाल्यांचा, दोघांचाही सल्ला हवाय.

टाकी २ फूट बाय १ बाय १. मेव्हण्याची बदली झाली तेव्हा आमच्या गळ्यात पडली, त्याला आता ९ वर्षं होतील. वर काळं प्लास्टिकचं झाकण, त्याच्या पोटात दीड फुटी १५ वॅटची जाड ट्यूब, मागच्या खणात चोक आणि स्टार्टर. मासे म्हणजे गप्पी (मोजत नाही, मोजेपर्यंत वाढतात), ६ निऑन टेट्रा आणि तळाशी हुंगत फिरणारे २ कोरी. झाडं व्हॅलिस्नेरिया आणि लाकडाला दोऱ्याने बांधलेलं जावा फर्न.

संध्याकाळी बटण दाबलं की ट्यूबची दोन्ही टोकं मंद लाल होतात आणि मधे अंधार. मिनिटभर टकटक, फडफड. मग झाकणाला उजव्या बाजूला टपली मारली की झक्कन लागते. लेकीने त्या जागी खडूने फुली मारून ठेवलीय, म्हणजे आजीलाही सापडावी.

दुकानदार म्हणाला ट्यूब गेली. नवी घेतली, ८ दिवस सुरळीत. मग म्हणाला स्टार्टर. तोही बदलला, ५ दिवस. परवा म्हणाला चोक गेलाय, असला चोक आता मिळत नाही, एलईडीवालं नवं झाकण घ्या, २,४०० रुपये. आधीच्या दोन्ही खेपांना तो इतक्याच खात्रीने बोलला होता, म्हणून इथे विचारतोय.

हो, आणि काल पाणी बदलताना हाताला झिणझिण्या आल्यासारखं झालं. बोट कापलं होतं नेमकं तिथे. भास असेल.

---

रंकाळ्याकाठी | १०:१९

भावा, भास-बिस काय नसतंय ते. आधी सगळे प्लग काढ, मग बाकीचं टाईप कर.

---

निवांत_नाना | १०:३१

टपली मारल्याशिवाय न चालणाऱ्या आमच्या घरात दोन गोष्टी होत्या. जुना टीव्ही आणि धाकटे चिरंजीव. टीव्ही भंगारात गेला.

---

दिवेलागण | ११:०५

सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही सगळ्यात शेवटी आणि "भास असेल" म्हणून लिहिलंत. रंकाळ्याकाठचे बरोबर सांगतायत. कोरडी कातडी करंटला बऱ्यापैकी अडवते, कापलेली जागा अडवत नाही. म्हणून तिथेच जाणवलं.

टाकीत ट्यूबशिवाय फिल्टर असणार, हिटरही असेल. आधी गुन्हेगार कोण ते ठरवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक पाण्यात, दुसरं भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगला. हात पाण्याबाहेर. आकडा बघून दचकू नका, धडधाकट टाकीतही डिजिटल मीटर काही ना काही व्होल्टेज दाखवतो, त्यात दम नसतो. बघायचं एवढंच, की कुठला प्लग काढल्यावर आकडा एकदम कोसळतो. हे जमणार नसेल तर वायरमन बोलवा, त्यात कमीपणा नाही. पेचकसाच्या टेस्टरवर मात्र निकाल लावू नका. तो नको तिथे लुकलुकतो आणि हवं तिथे गप्प बसतो.

आता ट्यूब. स्टार्टरच्या डबीत काचेचा एक छोटा बल्ब असतो, त्यात वायू आणि दोन धातूंची एक वाकडी पट्टी. बटण दाबलं की त्या बल्बात ठिणगीसारखा उजेड पडतो, पट्टी तापून वाकते आणि चिकटते. मग चोकमधून निघालेला करंट ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारांतून फिरतो, त्या लाल होतात. इकडे पट्टी गार होऊन सुटते. ती सुटताक्षणी चोक शेकडो व्होल्टचा एक झटका देतो आणि ट्यूब पेटते. पेटली की स्टार्टरचं काम संपलं. लागलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढून घेतला तरी ती चालूच राहते. लहानपणी आम्ही एका स्टार्टरवर घरातल्या तीन ट्यूब लावायचो.

तुमची टोकं लाल होतायत, म्हणजे चोकमधून करंट जातोय. चोक आतून तुटला असता तर टोकं कशाला लाल झाली असती? चिकटलेला स्टार्टर टपलीने सुटतो कधीकधी, पण तो तुम्ही नवा घातलाय. मग टपलीने सुधारण्यासारखं उरलं काय? ढिला जोड. आणि ८ दिवस, ५ दिवस हा हिशेबही त्यानेच लागतो. ट्यूब होल्डरमध्ये फिरवून बसवताना पिना पितळेवर घासल्या जातात, गंज खरवडला जातो. आठवड्यात परत चढतो. तुम्ही नवी ट्यूब नाही हो विकत घेतलीत, १५० रुपयांची घासणी घेतलीत.

प्लग काढून उजव्या बाजूचा होल्डर उघडा आणि काय दिसतं ते लिहा.

---

अर्धवट_इंजिनिअर | ११:२०

एवढं पुराण कशाला? एलईडी ट्यूब आणायची, चोक आणि स्टार्टर बायपास, त्याच होल्डरमध्ये बसवायची. १५ मिनिटांचं काम. कोण वापरतं आता चोक?

---

दिवेलागण | ११:३४

अहो, भिंतीवर असती तर मीही तेच सांगितलं असतं. इथे खाली ५० लिटर पाणी आहे.

चोक बायपास करून थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी ट्यूबमध्ये दोन जाती आहेत. एकीला फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे, दुसरीला दोन टोकांना. दुसऱ्या जातीचं एक टोक होल्डरमध्ये आणि दुसरं तुमच्या ओल्या हातात असेल, आणि बटण चालू राहिलेलं असेल, तर हातातल्या पिना जिवंत असू शकतात. शिवाय गंजका होल्डर तोच राहणार. रोग जागेवर, फक्त औषध महाग. आणि दीड फुटी एलईडी ट्यूब शोधून दाखवा एकदा. २ फुटी, ४ फुटी कुठेही मिळतात.

एलईडीला माझा विरोध नाही. पाण्यावर १२ व्होल्टच्या वर काही नको एवढंच म्हणणं आहे. अ‍ॅडॉप्टर भिंतीपाशी, टाकीत येईल ती फक्त १२ व्होल्टची वायर.

---

अर्धवट_इंजिनिअर | ११:४१

ओल्या हाताचा मुद्दा मान्य. आयडी उगीच नाही घेतला मी.

---

न्यूजर्सीकर | रविवार, पहाटे ४:५०

इकडे १० गॅलनची टाकी म्हणजे २० बाय १० बाय १२ इंच, आणि तिच्या जुन्या झाकणात हीच १८ इंची १५ वॅटची ट्यूब. पण माझ्या झाकणात स्टार्टरच नव्हता! लाल बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं, टोकं लाल झाली की सोडायचं, मग ट्यूब लागणार. दिवेलागण यांचं वाचून आज कळलं की इतकी वर्षं स्टार्टर मीच होतो.

इथून कोणी चोक मागवायच्या विचारात असेल तर नको. आमच्याकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तो तिकडे चालणार नाही.

---

रानजाई | सकाळी ८:१५

वायरिंगमध्ये पडत नाही, झाडांच्या बाजूने लिहिते.

व्हॅलिस्नेरिया आणि जावा फर्न ही दोन्ही गरीब झाडं आहेत, १५ वॅटच्या ट्यूबवर वर्षानुवर्षं राहतात. एलईडीकडे जाल तेव्हा एक विसरू नका. ट्यूब चहूबाजूंनी उजेड फेकते, निम्मा वर झाकणात जातो आणि प्लास्टिक काळं असेल तर तिथेच जिरतो. एलईडीचा सगळा उजेड खाली. वॅट तेवढेच धरले तरी पाण्यात उजेड जास्त पडतो आणि झाडांच्या आधी शेवाळाचं फावतं. सुरुवातीला रोज ६ तासच ठेवा, झाडं रुळली की ८. पांढरा घ्या, ६५०० केल्विन लिहिलेला. निळा-जांभळा घेऊ नका, मासे लग्नाच्या हॉलमध्ये पोहताहेत असं वाटतं.

आणि टाकीवर काच आहे ना? झाकणाच्या खाली, पाण्याच्या वर?

---

तळ्यातमळ्यात | दुपारी १:४०

प्लग काढून, चहा पिऊन, दिवेकाकांचं दोनदा वाचून मग उघडलं.

आधी मीटर. शेजाऱ्यांकडून आणला. फिल्टर काढला, आकडा थोडा उतरला. हिटर काढला, फरक नाही. ट्यूबचा प्लग काढला आणि ७० च्या आसपास असलेला आकडा एकदम ५ वर. म्हणजे चोर झाकणातच.

उजव्या होल्डरवरची रबरी टोपी ओढली तर ती हातातच तुटली, शिळ्या पापडासारखी. आतल्या पितळी पत्त्यांवर मोरचुदासारखी हिरवी पूड. एका पत्तीचा ताणच गेलाय, पिनेला टेकत नाही, नुसती शेजारी उभी राहते. होल्डरमधून पाण्याचा एक थेंब निघाला. थेंब! मागच्या खणात चोकखाली गंजाचं पाणी वाळून तपकिरी नकाशा झालाय, आणि ट्यूबमागचा चकचकीत पत्रा एका वायरला टेकलाय, तिचं आवरण तिथे तडकलेलं. प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाहीच.

रानजाईताई, काच होती. दोन वर्षांपूर्वी साफ करताना फुटली. आणायची राहिली.

---

निवांत_नाना | १:४८

दोन वर्षं! आणि दोष ट्यूबचा, स्टार्टरचा, चोकचा आणि शेवटी बोटाचा.

---

रानजाई | २:०२

मला वाटलंच होतं. हिवाळ्यात हिटर चालू म्हणजे पाणी २५-२६ अंशांवर आणि खोली गार. रात्रभर वाफ उठते, झाकणाच्या आत थंड होऊन थेंब धरतात आणि वाट मिळेल तिथे शिरतात. त्यात फिल्टरचे बुडबुडे फुटताना तुषार उडतात, ते वाळले की क्षार मागे राहतात. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर बोलायलाच नको.

आधी काच. बाकी सगळं नंतर.

---

दिवेलागण | २:३०

तडकलेली वायर आणि अर्थिंग नसलेला पत्रा, तुमच्या झिणझिण्या त्या दोघांच्या. पत्र्यावर धरलेल्या ओलाव्यातून करंट पाण्यापर्यंत पोचत होता. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. तो उलटा बसला की बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज ट्यूबपर्यंत तसाच उभा. म्हणजे बटण बंद करून हात घातला तरी काही खरं नाही. टाकीत हात घालण्याआधी बटण नव्हे, प्लग. हे घरात सगळ्यांना सांगा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का तेही बघा. नसेल तर ट्यूबचा खर्च थांबवून आधी तो बसवा.

ट्यूबच ठेवायची असेल तर रबरी टोपीचे नवे होल्डर, नवी वायर, तीन पिनांचा प्लग, पत्र्याला अर्थिंग. चोक तोच चालेल, तांब्याचा आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल. पण खरं सांगू? फ्लुरोसंट ट्यूबचे दिवस भरलेत. ट्यूबमध्ये पारा असतो. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार आहे, त्यातल्या देशांनी २०२३ साली जिनिव्हात लांब ट्यूब २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं. पुढे १८ इंची ट्यूब शोधत गल्लोगल्ली हिंडावं लागेल. झाकण उघडलंच आहे तर १२ व्होल्टवर जा.

---

अर्धवट_इंजिनिअर | ३:१०

मग माझ्याकडून हिशेब घ्या, यात मी अर्धवट नाही.

५०५० जातीची एलईडी पट्टी, मीटरला ६० एलईडी, मीटरला १४.४ वॅट. तुम्हाला ४५ सेंटीमीटरच्या दोन ओळी पुरतात, म्हणजे ९० सेंटीमीटर, साधारण १३ वॅट. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट २ अँपिअरचा, म्हणजे २४ वॅट. निम्म्यावर चालला की तापत नाही आणि टिकतो. पट्टी कात्रीची खूण असेल तिथेच कापायची, दर ३ एलईडीला म्हणजे दर ५ सेंटीमीटरला असते. मधे कापलीत तर ते तीन मेले.

पट्टी प्लास्टिकवर चिकटवू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलवर लावा, उष्णता जायला वाट हवी. नाहीतर गोंद सुटतो आणि पट्टी टेट्रांच्या डोक्यावर लोंबते. आमच्याकडे लोंबली होती.

वरून सिलिकॉनचा थर असलेली वॉटरप्रूफ पट्टी मिळते, पण कापलेलं टोक उघडं पडतं. ते आणि डाग दिलेले (सोल्डर केलेले) जोड सीलंटने बंद करायचे.

---

दिवेलागण | ३:२५

थांबा थांबा. सीलंट कुठला? टाकी चिकटवायचं, आंबूस वास येणारं सिलिकॉन जोडांवर लावू नका. तो वास अ‍ॅसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरचा. सुकताना ते तांबं खातं. महिन्याभरात पुन्हा तीच हिरवी पूड. जोडांना न्यूट्रल सिलिकॉन, बिनवासाचं, आणि आधी श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. काचेला काच चिकटवायला आंबूसच चांगलं.

---

रंकाळ्याकाठी | ३:३३

आणि वायर टाकीतनं सरळ सॉकेटात नेऊ नको. सॉकेटच्या खाली झोळ दे तिला. पाणी वायरीवरनं घरंगळत आलं तर झोळातनं खाली ठिपकतंय, सॉकेटात जात नाही. आमच्या वर्कशॉपात ह्याच्यावरनं मी शिव्या खाल्ल्यात.

---

तळ्यातमळ्यात | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:५५

झालं एकदाचं. शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. पट्टी, अ‍ॅडॉप्टर, चॅनेल, स्लीव्ह, सीलंट मिळून ९१० रुपये. काच घराजवळच कापून घेतली, ४ मिमी, एका कोपऱ्याला फिल्टरच्या नळीपुरती खाच आणि दुसऱ्याला खाणं टाकायला, १४० रुपये. काचवाल्याला माप इंचात सांगितलं, त्याने सुतात ऐकलं, दोघांनी मिळून पुन्हा मोजलं.

डाग द्यायला अर्धा दिवस गेला. पहिल्या जोडाला लाल-काळी उलटी लागली, पट्टी पेटलीच नाही. सुलट केली तेव्हा लागली. जळलं काही नाही. झाकणातून चोक, स्टार्टर, होल्डर, सगळं बाहेर काढलं आणि पत्राही. सीलंट एक रात्र सुकू दिलं.

आज लावली. मीटर पुन्हा घातला, दिवा लावा की बंद करा, आकडा जागचा हलत नाही. फिल्टरमुळे आधीपासून होता तेवढाच. आरसीसीबी बोर्डात आहे, टेस्टचं बटण दाबून पाहिलं, पडला. अख्ख्या घराची वीज गेली आणि आतून ओरडा आला, मालिका चालू होती.

एक गंमत मात्र. पूर्वी स्टार्टरची टकटक सुरू झाली की सगळे मासे पुढच्या काचेशी जमायचे, कारण दिवा लागला की खाणं मिळतं. आता एलईडी एकदम लागते, आवाज नाही काही नाही, आणि टेट्रा घाबरून लाकडाखाली पळतात.

---

रानजाई | ७:२०

मस्त! टेट्रांसाठी, टाकीच्या आधी १०-१५ मिनिटं खोलीतला दिवा लावा. बंद करतानाही टाकीचा आधी, खोलीचा मग. अंधारातून एकदम लख्ख उजेडात आपणही दचकतोच. आणि ६ तास म्हणजे ६ तास. टायमरचा प्लग घ्या, स्वतःवर विश्वास ठेवू नका.

---

न्यूजर्सीकर | रात्री ८:०५

जुन्या ट्यूबचं काय केलं? इकडे त्या वेगळ्या नेऊन द्याव्या लागतात.

---

दिवेलागण | ८:३०

इथेही २०२२ च्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे आहेत. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून ई-कचरा गोळा करणाऱ्यांना द्या. फुटलीच तर खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, झाडू मारू नका. तुकडे जाड कागदाने उचला, जागा ओल्या कागदाने पुसा, सगळं बरणीत भरून झाकण लावा.

---

निवांत_नाना | ८:४१

आम्ही शाळेमागे ट्यूबा फोडून पांढऱ्या धुराची मजा बघायचो. आता रात्री झोप लागेल असं वाटत नाही.

---

तळ्यातमळ्यात | तीन आठवड्यांनंतर, सकाळी ९:१०

अपडेट द्यायचं राहिलं होतं. रानजाईताई, चुकलो. पाहुणे आले होते, टाकी छान दिसते म्हणून सलग चार दिवस ११-१२ तास चालू ठेवली. पाचव्या दिवशी पुढच्या काचेवर हिरवी पावडर, जावा फर्नच्या पानांच्या कडांना काळपट केस.

---

रानजाई | ९:३५

पावडर जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. केसाळ झालेली पानं देठाशी कापून टाका, फर्नला नवी येतात. आठवडाभर ५ तास उजेड आणि पाणी दोनदा बदला, प्रत्येक वेळी पाव टाकी. खाणंही थोडं कमी करा. तरी जास्तच वाटलं तर अ‍ॅडॉप्टर आणि पट्टीच्या मधे १२ व्होल्टचा, उजेड कमी-जास्त करणारा डिमर टाका, अर्धवट सांगतील कसा.

---

अर्धवट_इंजिनिअर | ९:५०

सांगतो ना. दोन स्क्रू इकडे, दोन तिकडे, अधिक-उणे बघून. सुरुवात ६० टक्क्यांवर करा.

---

तळ्यातमळ्यात | ११:१५

डिमर आज आणतो. काच बसल्यापासून झाकणाची आतली बाजू कोरडी खडखडीत आहे, रोज सकाळी बोट फिरवून बघतो. पाणीही कमी आटतं. आधी आठवड्याला बादलीभर घालायला लागायचं, आता दोन तांबे.

चोक अजून इथेच पडलाय, लेकीने त्याखाली शाळेच्या नोटिसा दाबून ठेवल्यात. भंगारात देऊ का?

---

दिवेलागण | ११:२२

खबरदार. मला पाठवा, पोस्टेज मी देतो.